टॅपलोचं फाटक

ब्रॅमस्कोट
४ सप्टेंबर १९५८

मिसेस क्रॅडक यांस,

आपली ओळख नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. दर बुधवारी बाजाराच्या बसमध्ये तुम्ही पुढे बसता, मी मागे बसते, आणि दोघी अगदी मन लावून खिडकीबाहेर बघतो. आता बोलायची पाळी आली आहे, म्हणून पत्र. बसमध्ये बोलले असते तर दुपारच्या चहापर्यंत दोन्ही गावांत दवंडी पिटली गेली असती.

जिल्ह्याच्या महिला मंडळाने गावोगावचा इतिहास लिहून मागितला आहे. ब्रॅमस्कोटची बाजू माझ्यावर आली, कारण मी एकतीस वर्षं इथे मास्तरीण होते आणि आता भावाला अंडी उकडून देण्यापलीकडे मला उद्योग नाही असा सगळ्यांचा समज आहे. कॉपलडीनची बाजू तुमच्याकडे आहे असं कळलं. आमची बेचाळीस घरं आणि तुमची साठ, तेव्हा दोघांत मिळून एकच पुस्तक पुरे, असं मंडळाच्या बाईंनी ठरवून टाकलं. त्या शहरात राहतात. त्यांना काय माहीत!

तर कामाचं. आमच्या टेकडीवर हातभर खणलं की खडक लागतो, त्यामुळे आमची माणसं शेकडो वर्षं तुमच्या चर्चच्या आवारात पुरली जातात. मोटारी यायच्या आधी शवपेटी खांद्यावर घेऊन लोक ज्या वाटेने खाली उतरत, त्या वाटेवर मी एक प्रकरण लिहिते आहे. वाट तुमच्या शेताच्या कडेने जायची. जुना नकाशा असेल तर पाहायला मिळावा.

त्या प्रकरणात १९१० च्या जानेवारीतली हकिगत येणार आहे. ती तुमच्या वडिलांबद्दल आहे. पुस्तक छापून आल्यावर तुम्हाला कळण्यापेक्षा आधी मीच सांगितलेलं बरं.

हेस्टर लॅम्बर्न


लो बार्टन फार्म, कॉपलडीन
१० सप्टेंबर

मिस लॅम्बर्न,

नकाशा सोबत पाठवते. त्यावरचा तपकिरी डाग म्हणजे तळं नव्हे. माझा जावई क्लेम त्यावर चहाचा कप ठेवून उठला. शेत आता तोच बघतो, आणि कप कुठे ठेवायचा हे सोडून त्याला सगळं कळतं.

मी आमच्या म्हाताऱ्यांना विचारत फिरते आहे. दोन्ही गावांचा क्रिकेटचा सामना १९०९ पर्यंत व्हायचा. शेवटचा आम्ही जिंकलो असं इथे सगळे शपथेवर सांगतात. तुमच्याकडेही असंच सांगत असतील, तेव्हा 'चुरशीचा झाला' एवढंच लिहू. सुगीचं जेवणही तेव्हा एकत्र असायचं, आमच्या मोठ्या कोठारात. तुमचे लोक सायडर, ती सफरचंदाची दारू, घेऊन यायचे, आमचे मांस भाजायचे, आणि परत जाताना तुमचे निम्मे लोक टेकडी चढायच्या ऐवजी ओढ्यात उतरायचे. आता तुमचं वेगळं, आमचं वेगळं. भाज्यांचं प्रदर्शनसुद्धा वेगळं. तुमचे भाऊ एमस यांचे कांदे बघायला आमची माणसं ऑगस्टमध्ये तुमच्या कुंपणापर्यंत येऊन जातात, हे त्यांना सांगू नका.

१९१० चं ते फाटकाचं तेवढं लिहू नका. वडलांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली. असल्या गोष्टी उकरून कोणाचं भलं होतं?

मॉड क्रॅडक


ब्रॅमस्कोट
१५ सप्टेंबर

मिसेस क्रॅडक,

नकाशाबद्दल आभारी आहे. कांद्यांचं मी एमसला सांगितलं. मला राहवलं नाही. तो तासभर हसत होता, मग खोकत होता.

फाटकाचं मात्र लिहिणार. गावाचा इतिहास लिहायचा आणि ज्यामुळे दोन गावं तोंड फिरवून बसली तेच गाळायचं, तर मग नुसत्या पाककृती लिहू. घडलं ते इथे देते, चुकत असेल तर दुरुस्त करा.

माझी आई १९१० च्या जानेवारीत गेली. मी पंधरा वर्षांची होते, एमस बावीसचा. गुडघाभर बर्फ होता आणि ओढ्याचा काठ खचून नेहमीची वाट तुटली होती. एकच मार्ग उरला, तुमच्या वडलांचं, टॅपलोंचं फाटक उघडून त्यांच्या गव्हाच्या शेतातून तिरकं जायचं. अर्ध्या मैलाचं काम. आठ खांदेकरी पेटी घेऊन फाटकाशी आले, तर फाटकाला साखळी आणि साखळीला कुलूप. हाका मारल्या, कोणी आलं नाही. तुमच्या वडलांना भीती, की एकदा शेतातून मढं गेलं की ती कायमची सार्वजनिक वाट होते. आमच्याकडेही सगळे तसंच मानतात, मी नाकारत नाही. पण म्हणून बर्फात उभ्या असलेल्या माणसांना वाट नाकारायची?

मग रस्त्याने गेलो, तीन मैल. दगडी चढणीवर एक जण घसरला आणि पेटी पडली. झाकण फुटलं. मी मागेच चालत होते. काय दिसलं ते लिहीत नाही.

पुरून झाल्यावर आमची माणसं तुमच्या दारात गेली. 'कुलूप कोणी लावलं?' तुमचे वडील म्हणाले, 'मी लावलं. शेत माझं आहे.' एवढंच. क्षमेचा एक शब्द नाही.

यात खोटं काही असेल तर सांगा.

हेस्टर लॅम्बर्न


लो बार्टन फार्म
४ ऑक्टोबर

मिस लॅम्बर्न,

उत्तराला उशीर झाला. बटाटे काढायचे दिवस आहेत.

बुधवारी तुम्ही बसमध्ये नव्हतात. कंडक्टर म्हणाला, तुमच्या भावाने अंथरूण धरलंय, छातीचं दुखणं आहे. वाईट वाटलं. पोस्टाच्या गाडीबरोबर पेअरचा मुरंबा आणि कोंबडीचं सूप पाठवते. सूप त्याच दिवशी गरम करून द्या. आमच्याकडून आलंय म्हणून ते घेणार नसतील तर कुठून आलं ते सांगू नका.

पुस्तकाचं मागाहून बघू.

मॉड क्रॅडक


ब्रॅमस्कोट
१२ ऑक्टोबर

मिसेस क्रॅडक,

एमसने सूप प्यायलं आणि विचारलं, 'हे कोणाचं? तुझं नाही, हेट्टी, याला चव आहे.' मी सांगितलं. त्याने वाडगं पुसून खाल्लं.

डॉक्टर म्हणतात, नाताळपर्यंत काही खरं नाही. मी हे पहिल्यांदाच कागदावर लिहिते आहे. आम्ही दोघं एकाच घरात जन्मलो आणि त्याच घरात म्हातारे झालो. लग्न त्याचंही नाही, माझंही नाही. त्याच्याशिवाय सकाळी चूल का पेटवायची हेच मला कळणार नाही.

आता विनंती. त्याला मोटारीतून जायचं नाही. काल मला जवळ बसवून म्हणाला, 'मला खांद्यावरून ने, हेट्टी. आणि टॅपलोच्या फाटकातून ने. आईला नेता आलं नाही, मला तरी ने.' मी म्हटलं, 'अरे, काहीतरी शक्य कोटीतलं माग.' तर म्हणतो, 'मी आयुष्यात दुसरं काय मागितलंय?'

खरंच नाही मागितलं. ओढ्याकाठची जुनी वाट आता काटेरी झुडपांत बुजली आहे, तुमचं शेत हीच वाट. फाटक एका दिवसापुरतं उघडाल का?

खांदेकऱ्यांची अडचण वेगळी. पेटी उचलतील अशी पाचच माणसं आमच्याकडे उरली आहेत. ते मी बघेन. तुम्ही फक्त फाटकाचं सांगा.

हेस्टर लॅम्बर्न


लो बार्टन फार्म
१६ ऑक्टोबर

मिस लॅम्बर्न,

तुमचं पत्र मिळालं. या बाबतीत मला आमच्या वकिलांचा सल्ला घ्यावा लागेल. शेत आता क्लेम आणि माझ्या मुलीचं आहे, त्यांच्या हक्कांना बाध येईल असं काही मी परस्पर कबूल करू शकत नाही. वकील कदाचित एखादा कागद लिहून मागतील. कळल्यावर कळवते.

तुमच्या भावाच्या प्रकृतीची काळजी वाटते.

मॉड क्रॅडक


ब्रॅमस्कोट
१८ ऑक्टोबर

मिसेस क्रॅडक,

वकील! मरणाऱ्या माणसाला वाट द्यायची की नाही हे तुम्ही वकिलाला विचारणार! सूप पाठवताना नाही विचारलंत ते?

मला वाटायला लागलं होतं की तुम्ही वेगळ्या आहात. शेवटी लेक बापाचीच. तुमचे वडील निदान दारात उभे राहून तोंडावर बोलले होते.

मुरंब्याची बरणी धुऊन परत पाठवते आहे. एमसला मी काही सांगितलेलं नाही. तो रोज विचारतो.

हे. लॅ.


लो बार्टन फार्म
२५ ऑक्टोबर

मिस लॅम्बर्न,

बरणी पोचली. तुमचा राग योग्य आहे, फक्त तो चुकीच्या माणसावर आहे, आणि ते मी अठ्ठेचाळीस वर्षं चालू दिलं. तीन पत्रं लिहून चुलीत टाकली. हे टाकणार नाही. क्लेमच्या हातात देऊन त्याला थेट पोस्टात धाडते.

कुलूप मी लावलं.

मी आठ वर्षांची होते. वडील दुसऱ्याच्या शेतात वीस वर्षं राबले आणि मग तो एक तुकडा त्यांच्या नावावर झाला. पहिलाच गहू पेरला होता. त्या दिवशी जेवताना ते आईला म्हणाले, 'उद्या लॅम्बर्नबाईंची पेटी आपल्या गव्हातून जाणार. म्हणजे वाट पडली. आता हे शेत साऱ्या जगाचं.' एवढं ऐकलं आणि आईने मला झोपायला पिटाळलं. पुढे ते काय म्हणाले ते आईने मला खूप वर्षांनी, तीही म्हातारी झाल्यावर सांगितलं. ते म्हणाले होते, 'पण बाईमाणूस आहे, पोरांची आई आहे, आणि बाहेर हे असलं बर्फ. जाऊ दे, होईल ते होईल.' आणि स्वतः जाऊन फाटकापुढचं बर्फ फावड्याने काढून आले होते.

मला ते कुठलं ठाऊक! मला एवढंच कळलं होतं की वडलांचं शेत उद्या जाणार. सकाळी वडील गेल्यावर मी कोठीतली साखळी घेतली, फाटकाला घातली, कुलूप लावलं आणि कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन बसले. तुमच्या लोकांच्या हाका मी ऐकल्या. बाहेर आले नाही. आई दूध घालायला गेली होती. आणि वडील फाटकाशी आले नाहीत, कारण ते चर्चच्या मनोऱ्यात होते. त्या महिन्यात घंटेचा दोर त्यांच्याकडे होता. बाईसाठी सहा टोले, आणि मग वयाच्या वर्षांइतके. तुमच्या आईसाठीचे ते टोले माझ्या वडलांनी वाजवले, मिस लॅम्बर्न. तुम्ही फाटकाशी उभ्या होतात तेव्हा ते खाली तुमचीच वाट बघत होते.

दुपारी तुमची माणसं दारात आली. मी आईच्या एप्रनमागे उभी होते. वडलांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग म्हणाले, 'मी लावलं. शेत माझं आहे.' ते क्षमा मागू शकत नव्हते. मागितली असती तर कशाबद्दल, हे सांगावं लागलं असतं, आणि तुमची माणसं त्या दिवशी फार तापलेली होती. वडलांना वाटलं असेल, चार दिवसांत निवळेल. निवळलं नाही. त्यांनी त्यावर मला कधी एक शब्द विचारला नाही, रागावलेही नाहीत. मी मोठी झाले, लग्न झालं, दर वर्षी ठरवायची की आता सांगते. १९३१ मध्ये ते गेले, ब्रॅमस्कोटहून एक माणूस आला नाही, आणि मी तेव्हाही गप्प बसले. यापुढचं लाजिरवाणं काही माझ्याकडे नाही.

वकिलाकडे मी खरंच गेले होते. मला फाटक नाकारायचं नव्हतं. मला आधी जाणून घ्यायचं होतं की वडलांना निदान भिण्याचं कारण तरी होतं. वकील हसले. म्हणाले, 'मढं गेलं म्हणून वाट पडते, असा कायदा नाही, मिसेस क्रॅडक. कधीच नव्हता. पण शेजारच्या चारही गावांतले लोक हेच विचारायला येतात.' मी परतीच्या बसमध्ये रडले. लोकांना वाटलं दात काढून आलेय.

फाटक उघडं आहे. आजपासूनच उघडं ठेवलंय. उघड्या फाटकातून गव्हात शिरतील म्हणून गाई मी दुसरीकडे हलवल्या. हे सगळं तुम्ही पुस्तकात लिहा, माझ्या नावासकट. आणि तुम्हाला माझ्या शेतातून जायला नको वाटलं, तर तेही मी समजेन.

मॉड


लो बार्टन फार्म
२ नोव्हेंबर

मिस लॅम्बर्न,

तुमचं उत्तर नाही, आणि ते मागायचा मला हक्क नाही. काल दुपारी घंटा ऐकली. पुरुषाचे नऊ टोले झाले, मग मी मोजत राहिले. सत्तर. एमस गेले, हे कळलं.

बुधवारी पेटी नेताना शेतात कोणी नसेल. मी घरात राहीन, तुमच्या नजरेला पडणार नाही.

मॉड


ब्रॅमस्कोट
९ नोव्हेंबर

मॉड,

तू माझ्याहून सात वर्षांनी लहान आहेस, तेव्हा आता 'तुम्ही' पुरे.

तुझं पत्र सत्तावीस तारखेला आलं. मी ते उभ्यानेच वाचलं आणि इतकी संतापले की पातेलं आपटलं. आठ वर्षांच्या मुलीवर नव्हे. तिला मी काय बोलणार, तशा शेकडो पोरी मी शिकवल्या आहेत आणि त्यांनी याहून वेडे उद्योग केले आहेत. मी तुझ्यावर संतापले, छप्पन्न वर्षांच्या बाईवर. ते मी लपवत नाही, आणि ते इतक्यात जाईल असंही नाही.

पातेल्याचा आवाज ऐकून एमसने हाक मारली. मी पत्र त्याला वाचून दाखवलं. मध्ये दोनदा थांबले, तो म्हणाला, 'वाच.' संपल्यावर हसायला लागला.

'आठ वर्षांची पोर!' तो म्हणाला. 'आणि आम्ही आठ बाप्ये!'

मी म्हटलं, 'यात हसण्यासारखं काय आहे?'

'हेट्टी, त्या फाटकाला बिजागऱ्या होत्या. वर उचललं असतं की निघालं असतं. साखळीसकट, कुलपासकट. मेंढ्या हाकताना आम्ही रोज फाटकं अशीच काढायचो. मी तेव्हाच म्हटलं होतं, उचला. आमच्यातला म्हातारा जोशुआ म्हणाला, नको. टॅपलोने आपल्याला रस्त्याने जायला लावलं, हे साऱ्या गावाला बघू दे. आणि मग मलाही ते पटलं. मीही म्हटलं, बघू दे.'

मॉड, मी तिथे होते. बिजागऱ्या मीही पाहिल्या होत्या. पेटी पडली ती तुझ्या कुलपामुळे, असं मी अठ्ठेचाळीस वर्षं मानत आले. तीन मैल बर्फातून आम्ही आमच्या पायांनी गेलो, फुगून. दोन मिनिटांचं काम होतं. एमसने हे मला कधी सांगितलं नव्हतं, आणि म्हणूनच त्याला त्या फाटकातून जायचं होतं. मी समजत होते, हक्क बजावायला जायचंय. तो म्हणाला, 'हक्क कसला? आईला तेव्हाच न्यायला हवं होतं.'

चार दिवसांनी तो गेला. शेवटी शेवटी शांत होता. तुला निरोप ठेवलाय, कांद्याचं बी देतो, पण कुंपणावरून डोकावायचं बंद करा.

आता बुधवारचं सांगते, कारण तू शब्द पाळून घरात बसलीस आणि खिडकीतून किती दिसलं असेल कोण जाणे. आमचे पाच जण आणि सहावी मी, असं ठरलं होतं. मी त्रेसष्ट वर्षांची, मला सगळे वेड्यात काढत होते. टेकडी उतरेपर्यंत चारदा पेटी टेकवावी लागली. फाटक दिसलं तेव्हा आम्ही पार दमलो होतो. आणि फाटकाशी तुमचं गाव उभं होतं. बाजाराचा वार, पण बस रिकामी गेली म्हणतात. पुरुषांनी टोप्या काढलेल्या. तुझा जावई पुढे आला, माझ्या खांद्यावरून पेटीचं टोक घेतलं आणि म्हणाला, 'तुम्ही मागून या, मिस.' आणखी दोघं आले. आठ झाले, मॉड. पुढे चार, मागे चार, कोणी कुठल्या गावचं ते मागून कळत नव्हतं. शेतातून जाताना मी तुझा गहू तुडवला. पाच नोव्हेंबरला दर वर्षी सणाची शेकोटी असते, ती दोन्हीकडच्या पोरांनी त्या दिवशी पेटवली नाही, आपापसांतच ठरवून. आम्हा म्हाताऱ्यांना कोणी विचारलंही नाही.

पुस्तकाचं. फाटकाचं प्रकरण मी फाडलं. तू तुझी बाजू तुझ्या हाताने लिही, मी बिजागऱ्यांचं लिहिते. दोन्ही एकाच पानावर छापू. आमच्या गावात ते कोणाला आवडणार नाही. तुमच्याही नाही.

शेवटचं. एमसला मूठमाती दिल्यावर लोक चहाला गेले, मी मागे राहिले. तुझ्या वडलांचं थडगं आमच्या रांगेपासून दहा पावलांवर आहे. तिथे मी कधीच गेले नव्हते, नेहमी वळसा घालायची. त्या दिवशी गेले. म्हटलं, 'मिस्टर टॅपलो, मी लॅम्बर्नांची हेस्टर. आईसाठी घंटा तुम्ही वाजवलीत. त्याचे आभार मानायला आले आहे.'

हेस्टर